मंडळाच्या कमिटीला खुलं पत्र : माझ्या नातीला मागच्या रांगेत का ढकललंत?

आपल्या मराठी मंडळाच्या कमिटीतल्या सगळ्यांना नमस्कार,

अध्यक्षांना मेल करून झाला, कल्चरल कमिटीतल्या ताईंशी फोनवर बोलून झालं, दोन्हीकडून "काकू, मुद्दाम कुणी केलं नाही हो, मनाला लावून घेऊ नका" एवढंच उत्तर आलं, म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. मंडळाचं नाव घेत नाही, गावाचंही नाही, कारण हे फक्त आपल्याच मंडळात होतं असं मला वाटत नाही. मी न्यू जर्सीत १९९४ला आले, नवरा एच-वनवर, मी डिपेंडंट, आणि पहिल्या वर्षीच मंडळाची मेंबर झाले. तीनशे माणसांच्या पंगतीत वरण वाढलंय, हायस्कूलच्या किचनमधे उभं राहून मोदक वळलेत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाची वाणं भारतातून बॅगेत भरून आणलीत. बाहेरचं कुणीतरी येऊन मंडळाला नावं ठेवतंय असं कृपा करून समजू नका.

मागच्या गणपतीत छोट्या मुलींचा मंगळागौरीच्या खेळांचा डान्स होता. आमची नात आठ वर्षांची, सहा रविवार प्रॅक्टिसला गेली, झिम्मा, बसफुगडी, सूप नाचवणं सगळं शिकली, घरी किचनच्या फरशीवर फुगडी घालून घालून मला चक्कर आणली. उंचीने लहान म्हणून तिला पहिल्या रांगेत उभं केलं होतं. ती माझ्या मुलीची मुलगी. जावई ब्लॅक आहे, इथल्याच नेवार्क शहरातला, हॉस्पिटलमधे नर्स आहे. नातीचा रंग बापाचा, केस बापाचे, आणि हट्ट सगळा माझ्या मुलीचा.

तिचे केस माझ्या विहीणबाई बांधतात. आदल्या शनिवारी सकाळी नऊला बसवलं तिला, त्या सोफ्यावर आणि नात खाली उशीवर, दोन गुडघ्यांच्या मधे मुंडी धरून. शेपटीच्या टोकदार कंगव्याने भांग पाडायचा, बोटाने तेल लावायचं, एक एक पेड घट्ट ओढत बारीक वेणी घालायची, मग पुढचा भांग. एक वाजला तेव्हा शेवटची वेणी झाली. साडी हिरवी आहे असं कळवलं होतं म्हणून त्या मुद्दाम दुकानात जाऊन हिरवे आणि सोनेरी मणी घेऊन आल्या होत्या आणि प्रत्येक वेणीच्या टोकाला ओवले. मी समोर बसून शेंगा निवडत होते आणि मला कराडची माझी आजी दिसत होती, पाटावर बसवून अशीच मुंडी धरायची, अशीच डोक्यावर टपली मारून "हलू नको" म्हणायची. मराठी आणि इंग्लिश सोडलं तर काही फरक नव्हता.

आता बॅकस्टेजला काय झालं ते सांगते. शाळेच्या वर्गात मुलींना तयार करत होते, शिवलेल्या नऊवारी, नथ, चंद्रकोर, आणि सगळ्यांना एकसारखा रेडिमेड अंबाडा. नातीच्या वेण्यांवर तो अंबाडा बसेना. पिना खुपसून बघितल्या, गजरा घसरला, मागे गर्दी, स्टेजवरून हाका. मग "हे मणी काढा आधी" असं झालं, ते निघेनात. मग मेकअप करणाऱ्या ताईंनी तिच्या चेहऱ्याला बाकीच्यांना लावत होत्या तेच फाउंडेशन लावलं, तिच्या रंगापेक्षा तीन-चार शेड उजळ, मानेपाशी सरळ रेघ दिसत होती. आणि लांबून कुणीतरी म्हणालं, मराठीत, "अगं लाइटमधे ती फारच काळी दिसतेय, फोटोत बरं नाही दिसत, तिला मागे घे ना, मागच्या रांगेत चालून जाईल." मी दारात उभी होते. नात मागे गेली. डान्स झाला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले, आणि मंडळाच्या पेजवर जो फोटो आहे त्यात ती दिसत नाही, एका उंच मुलीच्या खांद्यामागे हिरवे मणी तेवढे दिसतात.

तिला मराठी येतं हो. हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मुलगी आणि जावई दोघं कामावर, ती पहिली पाच वर्षं माझ्याकडे होती, तिचा पहिला शब्द "भूभू" आहे. आपल्याच मराठी शाळेत दर आठवड्याला जाते, बाराखडी येते, जोडाक्षरं अडतात. ती ते वाक्य शब्दन् शब्द समजली.

गाडीत बसल्यावर तिने वाइप्सचं पाकीट मागितलं आणि तोंड पुसायला लागली. एक वाइप, दुसरा, तिसरा, सगळे बेज रंगाचे होऊन तिच्या मांडीवर पडत होते. विहीणबाई शेजारी बसल्या होत्या, मी दिलेली नारायणपेठ नेसून आल्या होत्या, पिना मुलीने लावून दिल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पर्समधून तेलाची छोटी बाटली काढली आणि पिनांनी ओरखडे आले होते तिथे बोटाने तेल लावत राहिल्या, घरी येईपर्यंत. मला त्यांच्याकडे बघता येत नव्हतं.

कारण एके काळी मी पण तेच केलंय. मुलीने पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा मी रडले, "दुसरा कुणीही आण, हे नको" म्हणाले, नवरा तिच्याशी सात महिने बोलला नाही. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, स्वभावाने गरीब, आणि आम्ही विचार कशाचा करत होतो तर मंडळात काय सांगायचं. गोऱ्या मुलाशी लग्न केलं असतं तर रिसेप्शनला अर्धं मंडळ आलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि तुम्हालाही माहितीये. हे लिहायला मला अजून जड जातं, पण माझं झाकून तुमचं दाखवणार नाही.

आणि ते शब्द. "कल्लू". "काळ्यांची वस्ती आहे, संध्याकाळनंतर जाऊ नका". "आमच्या शाळेत ते लोक नाहीत फारसे, रेटिंग चांगलंय". पॉटलकला पुलाव वाढून घेताना हे सहज बोललं जातं, इंग्लिशमधे कुणी बोलणार नाही कारण मग ऑफिसमधून काढतील, मराठीत बोललं की घरातलं. विठोबाला सावळा म्हणताना आपला गळा भरून येतो, आणि मुलीसाठी स्थळ बघताना "रंग गव्हाळ की गोरा" हा कॉलम अजून आहेच. ते आपण इथे येताना बरोबर घेऊन आलो, आणि इथे आल्यावर त्याला इथलं नवं खत मिळालं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी हे मांडलं तर एका भाऊंनी लिहिलं, "काकू, आपली हिस्टरी वेगळी आहे, आपण मेरिटवर आलो, त्यांच्याशी कंपेअर करू नका." भाऊ माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, मनाने चांगले आहेत, त्यांच्या बर्फात अडकलेल्या गाडीला आमच्या जावयाने धक्का मारलेला आहे. म्हणून त्यांना रागाने नाही, नीट सांगते.

या देशात १७९०च्या कायद्याने परक्या माणसांपैकी फक्त "गोऱ्या" माणसाला नागरिक होता येत होतं. पुढे सिव्हिल वॉरनंतर १८७०ला आफ्रिकन वंशाच्या लोकांना त्यात घेतलं, आपण त्या दोन्हींत कुठेच नव्हतो. भगतसिंग थिंद नावाचे शीख गृहस्थ होते, पहिल्या महायुद्धात अमेरिकन आर्मीत होते, पगडी घालून. त्यांची नागरिकत्वाची केस सुप्रीम कोर्टात गेली. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मला वाटलं आपलेच कुणीतरी असणार, पण जन्म अहमदाबादचा. त्यांच्या बाजूने कोर्टात काय मांडलं गेलं माहितीये? की थिंद उच्च जातीचे आर्य आहेत, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरे, आणि उच्च जातीचा हिंदू माणूस लग्नाच्या बाबतीत तिथल्या खालच्या मानलेल्या लोकांकडे ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो, तेव्हा आम्ही तुमच्यातलेच. म्हणजे गोऱ्यांच्या पंक्तीत पाट मिळावा म्हणून आपण जात पुढे केली आणि ब्लॅक लोकांशी असलेलं अंतर दाखवलं. १९ फेब्रुवारी १९२३ला कोर्टाने एकमताने सांगितलं, नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, तुम्ही नाही. निकाल लिहिणारे जस्टिस सदरलंड स्वतः इंग्लंडमधे जन्मलेले, म्हणजे इमिग्रंटच.

त्यानंतर ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचं पण काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे वैष्णो दास बगई, दुकान होतं, तीन मुलगे होते, नागरिकत्व गेलं, कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे प्रॉपर्टी ठेवता येईना, १९२८ला त्यांनी जीव दिला. ही आपली हिस्टरी आहे भाऊ. आणि ती त्यांच्यापासून वेगळी नाही, एकाच भिंतीला दोघांनी डोकं आपटलंय, फरक एवढाच की त्यांनी कितीतरी जास्त वेळ आणि कितीतरी जास्त रक्त सांडून.

सेन्ससमधे आपल्याला १९३० आणि १९४०ला "हिंदू" नावाची वंशाची खूण होती, शीख असो मुसलमान असो सगळे हिंदू. १९७०ला आपण "व्हाइट"मधे मोजले गेलो. मग आपल्याच संघटनेने मागणी केली की अल्पसंख्याक म्हणून वेगळं मोजा, भेदभावापासून संरक्षण हवंय, आणि १९८०ला "एशियन इंडियन" हा बॉक्स आला. म्हणजे संरक्षण मागताना आपण नॉन-व्हाइट, आणि स्टेजवर फोटो काढताना तीन शेड उजळ?

मेरिटचं म्हणाल तर मेरिट १९४६ नंतरही होतंच की. तेव्हा भारताला वर्षाला फक्त शंभर जणांचा कोटा होता. शंभर! आपल्याकडे तेव्हा इंजिनियर, डॉक्टर नव्हते का? दार उघडलं १९६५च्या कायद्याने. १९६४ला सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट, १९६५च्या ऑगस्टमधे व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट आणि त्याच ऑक्टोबरमधे इमिग्रेशनचा कायदा, हे एकामागोमाग एक आलं ते उगाच नाही. वंश बघून माणूस तोलायचा नाही हे ज्यांनी रस्त्यावर मार खाऊन, कुत्रे अंगावर घेऊन, तुरुंगात जाऊन या देशाच्या गळी उतरवलं ते ब्लॅक लोक होते, आणि त्याच वाऱ्यात आपल्या व्हिसाचं दार उघडलं. माझ्या विहीणबाईंचे आईवडील जॉर्जियातून नेवार्कला आले होते, दक्षिणेतून उत्तरेकडे साठेक लाख लोक आले त्यातले ते दोन. साठच्या दशकात वडील एका टाउनमधे घर बघायला गेले, फोनवर घर होतं, दारात गेल्यावर "विकलं गेलं". त्याच टाउनमधे २००१ला आम्ही घर घेतलं. रिअल इस्टेट एजंटने कॉफी दिली, शाळा किती चांगल्या ते सांगितलं. विहीणबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा ड्राइव्हवेत थोडा वेळ उभ्या राहिल्या होत्या, मला वाटलं पत्ता बघतायत. कारण मला कितीतरी वर्षांनी कळलं.

आणि आपला रंग समोरचा माणूस विचारून ठरवत नाही. फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन. गुजरातहून मुलाकडे नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे सुरेशभाई पटेल सकाळी रस्त्यावर फिरत होते, आपण सगळ्यांचे आईवडील इथे आले की फिरतात तसे. शेजारच्याने पोलिसांना फोन केला, एक सडपातळ ब्लॅक माणूस फिरतोय म्हणून. पोलिस आले, सुरेशभाईंना इंग्लिश येत नव्हतं, एका पोलिसाने त्यांना असं जमिनीवर आपटलं की मानेला मार बसून अंग लुळं पडलं. खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी जज्जने त्या पोलिसाला सोडलं. सुरेशभाईंच्या बाजूने ना जात आली ना मेरिट. २०१७ला कॅन्ससमधे श्रीनिवास कुचीभोतला या भारतीय इंजिनियरला गोळी घालून मारणाऱ्याला ते इराणी वाटले होते. आणि लांब कशाला, इथलं सांगते, १९८७ला जर्सी सिटीत डॉटबस्टर्स म्हणवणारी टोळी टिकली लावणाऱ्या बायकांना शोधत होती, त्याच वर्षी होबोकेनमधे नवरोज मोदी नावाच्या तरुण पारशी माणसाला मारून मारून जिवे मारलं. मी आले तेव्हा मंडळातल्या जुन्या बायका मला सांगायच्या, ट्रेनमधे टिकली काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची. माझ्या त्या पर्सच्या अस्तराला कितीतरी वर्षं टिकल्या चिकटलेल्या होत्या. रूप बदलून सुटका होते का ते आपण करून बघितलंय, मग एका आठ वर्षांच्या मुलीला आपणच ते शिकवायचं का?

तीन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाने आनंदीबाईंवर छोटं नाटक केलं होतं, मी प्रॉम्प्टिंगला होते, सगळं हॉल रडलं. आनंदीबाई फिलाडेल्फियाला ज्या कॉलेजमधून १८८६ला डॉक्टर झाल्या त्याच कॉलेजमधून १८६७ला रिबेका कोल नावाची ब्लॅक बाई डॉक्टर होऊन बाहेर पडली होती, आनंदीबाईंच्या एकोणीस वर्षं आधी. पुढच्या वेळी ते नाटक कराल तेव्हा हे एक वाक्य त्यात घाला, आणि मी सांगते ते वाक्य कोण म्हणेल, माझी नात म्हणेल. जोतिबांनी १८७३ला "गुलामगिरी" अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी गुलामांना मोकळं करण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून, विमान नाही इंटरनेट नाही, त्यांना इथल्या ब्लॅक माणसाचं दुःख आपल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाच्या शेजारी ठेवावंसं वाटलं. बाबासाहेब कोलंबियात शिकले ते तर आपण अभिमानाने सांगतो, पण १९४६ला त्यांनी इथले ब्लॅक विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं की युनायटेड नेशन्सकडे निग्रो लोकांनी जो अर्ज केलाय त्याची प्रत मला पाठवा, हे आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मुलांना सांगितलंय? आपल्याकडे हे इतकं आहे, घरचं आहे. आणि आपण काय उचललं तर पंडितांचा कोर्टातला मुद्दा.

केसांचं पण एक सांगते, कारण ताई म्हणाल्या "अहो काकू, केसांचा एवढा काय इश्यू". २०१८च्या डिसेंबरमधे इथेच साउथ जर्सीत हायस्कूलच्या कुस्तीच्या मॅचला एका ब्लॅक मुलाला रेफरीने सांगितलं, ड्रेडलॉक्स काप नाहीतर हरलास. सगळ्यांसमोर मॅटच्या कडेला उभं करून कात्रीने कापले, तो तसाच खेळला, जिंकला, त्याचा तो चेहरा सगळ्या देशाने बघितला. वर्षभरात, २०१९ला, न्यू जर्सीने कायदा केला की केसांच्या ठेवणीवरून शाळेत, कामावर भेदभाव करता येणार नाही, वेण्या, ट्विस्ट, लॉक्स सगळे त्यात आहेत. इतका इश्यू आहे ताई. मेकअप करणाऱ्या ताईंचा मला राग नाही, चाळीस मुली तयार करायच्या होत्या, त्यांचे हात भरून आले असतील. पण नथ सगळ्यांना एक, साडी सगळ्यांना एक, इथपर्यंत ठीक, चेहरा आणि केस एकसारखे कसे होणार? आपल्यातल्याच किती मुली सावळ्या आहेत, त्यांच्याही मानेवर ती रेघ होतीच की, त्यांच्या आयांनी बघितली नाही का? मला वाटतं बघितली, आणि गप्प बसल्या, जशी मी दारात गप्प उभी राहिले.

मला माफीचा मेल नको आहे. तो जो मंडळाच्या पेजवरचा फोटो आहे त्याऐवजी दुसरा लावा, ज्यात सगळ्या मुली दिसतात, तो आमच्याकडे आहे, जावयाने काढलाय, पाठवते. मेकअपच्या बॉक्समधे सगळ्या रंगांचं सामान ठेवा, नाहीतर घरून आणायला सांगा, आम्ही आणू. व्हॉलंटियर लोकांना एकदा बसवून सांगा की मराठीत बोललं म्हणजे कुणाला कळत नाही असं नसतं. मेंबरशिपच्या फॉर्मवर दोघा नवरा-बायकोंसाठी "मूळ गाव" असा रकाना आहे, आमच्या जावयाने तिथे नेवार्क लिहिलं होतं, ते कुणीतरी खोडून बायकोचं गाव लिहिलंय, ते परत नेवार्क करा. त्याचं मूळ गाव तेच आहे. आणि एप्रिलमधे फुले-आंबेडकर जयंतीचा जो कार्यक्रम आपण अर्ध्या तासात उरकतो त्याला या वर्षी पूर्ण दुपार द्या, विहीणबाईंना बोलवा, त्या चाळीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्या नेवार्कबद्दल बोलतील, मी मराठीत सांगेन. मी त्यांना विचारलंय. त्या हो म्हणाल्यात. एवढं सगळं होऊन हो म्हणाल्यात.

प्रॅक्टिस या रविवारपासून दोन वाजता असा मेसेज आलाय. नात येणार आहे, तिनेच ठरवलं, मी विचारलं नव्हतं. सहा रविवारांत तिची उंची काही फार वाढणार नाही, तेव्हा पहिल्या रांगेतली तिची जागा मोकळी ठेवा. आणि या वेळी साडीचा रंग कोणता ते लवकर कळवा, विहीणबाईंना मणी आधी आणून ठेवावे लागतात.

आपली,
१९९४पासूनची एक मेंबर